नारळ केव्हां द्यावा?

गेल्या महिन्यांत एका रविवारीं रात्रीं पानें वाढून तयार असतांना आमच्या दोघां पुतण्यांमध्यें जो वाद माजला, तो आमटी निवेपर्यंत मिटला नाहीं. वादाचा विषय घरचा नव्हता, गांवचा नव्हता, आपल्या देशाचाहि नव्हता. इंग्लंडांतील एका फुटबॉल-संघाची हारीमागून हार होत आहे, तेव्हां त्याच्या मुख्य प्रशिक्षकास नारळ द्यावा कीं नाहीं, एवढाच काय तो प्रश्न. थोरल्याचें म्हणणें, जो जिंकून देत नाहीं त्यास ठेवून घेण्यांत अर्थ काय? धाकट्याचें म्हणणें, रोप लावून तें रोज उपटून मुळें पाहूं लागलों तर झाड व्हावें कसें? दोघांचेहि आवाज चढले. शेवटीं आमच्या मातोश्री ताटावरून मान वर करून म्हणाल्या, "अरे, खेळायला अकरा जण, आणि घरीं जायचें तें एकट्यानेंच का?" यावर दोघेहि गप्प बसले. आम्हीहि गप्प बसलों; कारण त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांसहि तत्काळ सुचलें नाहीं. तें शोधण्याचा प्रयत्न या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय या पृष्ठांस शोभणारा नाहीं, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु थोडा विचार केल्यास दिसून येईल कीं, ज्या गृहस्थाच्या हातीं दुसऱ्यास नेमण्याचा वा कमी करण्याचा अधिकार आहे, त्याच्यापुढें हा प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतोच. मुलाचे गुण घसरले म्हणजे शिकवणीचे मास्तर बदलावे काय? दुकानास खोट आली म्हणजे जुन्या मुनिमास रजा द्यावी काय? दुखणें हटेना म्हणजे डॉक्टर बदलावा काय? या सर्व प्रश्नांचा गाभा एकच आहे. फरक इतकाच कीं, घरच्या व्यवहारांत यशापयशाचा हिशेब कोणी मांडून ठेवीत नाहीं; फुटबॉलमध्यें तो दर आठवड्यास अंकांत छापून येतो. म्हणून हा प्रश्न तेथें तपासून पाहणें अधिक सोयीचें.

ज्यांस या खेळाची फारशी माहिती नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी-स्पर्धेंत वीस संघ असतात. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशीं दोनदां, म्हणजे एकंदर ३८ सामने खेळतो. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. हंगामाच्या शेवटीं जे तीन संघ तळाशीं राहतील त्यांची रवानगी खालच्या वर्गांत होते, आणि त्याबरोबर दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणापासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग बुडतो. प्रशिक्षक स्वतः चेंडूस पाय लावीत नाहीं. कोणते अकरा जण उतरवावयाचे, त्यांची मांडणी कशी करावयाची, आठवडाभर त्यांच्याकडून काय करवून घ्यावयाचें, कोणास बाहेर बसवावयाचें, हें सर्व त्यानें ठरवावयाचें. यश आलें तर हार खेळाडूंच्या गळ्यांत. अपयश आलें तर जाब मात्र त्याला.

आतां एक घडलेलें उदाहरण घेऊं. इंग्लंडच्या मध्यभागीं लेस्टर नांवाचें शहर आहे. आपल्या इकडील, विशेषतः गुजराती, मंडळींची तेथें मोठी वस्ती असल्यामुळें तें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. तेथील लेस्टर सिटी हा संघ १८८४ सालचा. परंतु २०१५ पर्यंत सर्वोच्च स्पर्धेचें विजेतेपद त्यास एकदांहि लाभलें नव्हतें. २०१५ च्या आरंभीं तर तो तळाशीं होता, आणि शेवटच्या नऊ सामन्यांपैकीं सात जिंकून कसाबसा वर राहिला. त्या उन्हाळ्यांत क्लबनें क्लॉडिओ रानिएरी या ६३ वर्षांच्या इटालियन गृहस्थांस प्रशिक्षक नेमलें. रानिएरींनीं मोठमोठे संघ सांभाळले होते खरे; पण आठच महिन्यांपूर्वीं फॅरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून घरच्या मैदानावर हार पत्करल्यामुळें ग्रीसच्या राष्ट्रीय संघानें त्यांस निरोप दिला होता. नेमणुकीची बातमी ऐकून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. लेस्टर विजेता होईल यावर इंग्लंडांतील पैज लावणारे एकास पांच हजार असा भाव देत होते.

पुढें घडलें तें क्रीडेच्या इतिहासांत क्वचितच घडतें. २०१६ च्या मे महिन्याच्या २ तारखेस लेस्टरचें विजेतेपद निश्चित झालें. ३८ सामन्यांत केवळ तीन पराभव, ८१ गुण, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलहून दहा गुण अधिक! त्याच हंगामांतील एक लहानशी गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. २०१५ च्या डिसेंबरांत लेस्टरनें आदल्या वर्षींच्या विजेत्या चेल्सी संघास हरविलें, आणि तिसऱ्याच दिवशीं चेल्सीनें जोझे मोरीन्यो या आपल्या प्रशिक्षकास घालविलें. त्यानें चेल्सीस विजेतेपद मिळवून दिल्यास तेव्हां अवघे सात महिने झाले होते. आपण आज ज्यास हरविलें त्याचीच गत पुढील वर्षीं आपली होणार आहे, हें रानिएरींच्या स्वप्नांतहि आलें नसेल.

विजयानंतर ऑगस्ट २०१६ मध्यें रानिएरींशीं चार वर्षांचा नवा करार झाला. परंतु त्यापूर्वींच एन्गोलो कान्ते हा मधल्या फळींतील अत्यंत मोलाचा खेळाडू चेल्सीनें विकत घेतला होता. विजयाच्या हंगामांत दोन माणसांचें काम एकट्यानें करणारा तो हाच. कान्ते गेला, आणि लेस्टरच्या भिंतीची एक वीट निसटल्यासारखें झालें. युरोपांतील विजेत्यांच्या स्पर्धेंत संघ आपल्या गटांत पहिला आला, पण घरच्या साखळी-स्पर्धेंत घसरत गेला. २०१७ च्या जानेवारींत जागतिक फुटबॉल महासंघानें रानिएरींस वर्षांतील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरविलें. ७ फेब्रुवारीस क्लबनें जाहीर केलें कीं, आमचा त्यांस अढळ पाठिंबा आहे. आणि २३ फेब्रुवारीस त्यांस काढून टाकलें.

त्या दिवशीं संघ वीसांत सतरावा होता. खालच्या वर्गांत ढकलणाऱ्या रेषेच्या केवळ एक गुण वर. २५ सामन्यांत २१ गुण. नवें वर्ष उजाडल्यापासून साखळी-स्पर्धेच्या सहा सामन्यांत एकहि गोल झालेला नव्हता. सारें इंग्लंड हळहळलें. ज्यानें पांच हजारांत एक असा चमत्कार करून दाखविला, त्यास नऊ महिन्यांतच रस्ता दाखवावा, याला कृतघ्नपणा नाहीं तर काय म्हणावें?

परंतु पुढील हकीकत ऐकल्यावर न्याय देणें इतकें सोपें राहत नाहीं. रानिएरींचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्याकडे सूत्रें आलीं, आणि चारच दिवसांनीं त्याच खेळाडूंनीं लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघास ३-१ असें हरविलें. साखळी-स्पर्धेंतील पुढचे चार सामनेहि त्यांनीं लागोपाठ जिंकले. हंगामाच्या शेवटीं लेस्टर बारावा आला. विजेत्या संघानें दुसऱ्याच वर्षीं खालच्या वर्गांत जाण्याची नामुष्की इंग्लंडांत १९३८ सालीं मँचेस्टर सिटीवर आली होती; ती लेस्टरनें टाळली. तेव्हां थोरले पुतणे म्हणणारच: "पाहा! मालकाचें बरोबर होतें."

होतें काय? येथें थोडें थांबून विचार करावयास हवा. कारण सर्वांत मोठी फसगत होते ती येथेंच. ताप अगदीं चढला म्हणजे माणूस डॉक्टर बदलतो. पण अगदीं चढलेला ताप पुष्कळदां आपोआपच उतरणीस लागलेला असतो. मग ज्या डॉक्टराचें औषध शेवटीं पोटांत गेलें त्यास यश मिळतें, आणि ज्यानें आठ दिवस उशाशीं बसून काढले त्यास बोल. हॉलंडमधील बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञानें १९८६ ते २००४ या काळांतील तेथील सर्वोच्च फुटबॉल-स्पर्धेचे निकाल घेऊन नेमकी हीच गोष्ट तपासली. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतात, हें त्यासहि दिसलें. परंतु त्यानें त्यांच्या शेजारीं दुसरेहि संघ ठेवून पाहिले: ज्यांची घसरण तशीच झाली होती, पण ज्यांनीं प्रशिक्षक बदलला नव्हता. तेहि तसेच सुधारले होते! म्हणजे पुष्कळशा बाबतींत जें औषधाचें यश म्हणून मिरविलें जातें, तें केवळ ताप उतरण्याची वेळ आल्याचें यश असतें.

येथें आम्हांस स्वतःच्या एका चुकीची कबुली देणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर होतों. लागोपाठ दोन वर्षें शालान्त परीक्षेचा निकाल खालावला. पालकांचीं पत्रें येऊं लागलीं, आणि मुख्याध्यापकांस पदावरून दूर करण्याचा ठराव मंडळापुढें आला. त्या सद्गृहस्थांनीं एकच प्रश्न विचारला: "हीं मुलें पांचवींत आलीं तेव्हांचे त्यांचे गुण मंडळानें पाहिले आहेत काय?" कोणींच पाहिले नव्हते. पाहावेत असेंहि कोणास वाटलें नाहीं. कारण बाहेर पालक उभे होते आणि कांहीं तरी केल्याचें दाखविणें भाग होतें. आम्हींहि ठरावाच्या बाजूनें हात वर केला. पुढील वर्षीं निकाल सुधारला, आणि मंडळाच्या सभासदांनीं परस्परांचें अभिनंदन केलें.

दोन-तीन वर्षांनीं दुसऱ्याच कांहीं कामासाठीं जुनीं दप्तरें चाळीत असतां आमच्या ध्यानांत आलें कीं, त्या दोन्ही तुकड्या पांचवीपासूनच कच्च्या होत्या, आणि नंतर यश मिळविणारी तुकडी पांचवीपासूनच हुषार होती. जुन्या मुख्याध्यापकांनीं त्या कच्च्या मुलांस जेथवर आणलें होतें, तें पाहतां त्यांचें काम उलट वाखाणण्यासारखें होतें. आम्ही त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं आदरानें बसविलें, चहा दिला, शाळेची आस्थेनें चौकशी केली. पण तो विषय मात्र शेवटपर्यंत निघूं दिला नाहीं. निरोप घेऊन जिना उतरतांना आम्हांस जी लाज वाटली, ती आज इतक्या वर्षांनींहि पुरती ओसरलेली नाहीं.

म्हणून आमच्या मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देऊं. एकट्यानेंच घरीं जावयाचें, तें त्याचाच दोष असतो म्हणून नव्हे. त्यास घालविणें सर्वांत सोपें असतें म्हणून. खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षांतून ठराविक दोनच मुदतींत करतां येते. सगळ्यांशीं करार झालेले असतात. पंचवीस जणांस एका रात्रींत बदलणें कोणासहि शक्य नाहीं. मालक स्वतःस तर कमी करीत नाहींच! राहतां राहिला प्रशिक्षक. परंतु उपाय सोपा आहे, एवढ्यावरून रोग तोच आहे असें सिद्ध होत नाहीं. आमच्या शाळेंतहि नेमकें हेंच झालें.

"तर मग माझेंच खरें," असें आतां धाकटे पुतणे म्हणतील. आणि अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचें नांव त्यांच्या जिभेवर तयारच असतें. फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरांत मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक झाले. पहिलीं साडेतीन वर्षें त्यांच्या हातीं एकहि चषक लागला नाहीं. १९८९-९० च्या हंगामांत संघ तेरावा आला, आणि त्यांस काढावें अशी मागणी प्रेक्षकांतून उघड होऊं लागली. मंडळानें त्यांस काढलें नाहीं. १९९० च्या मे महिन्यांत पहिला चषक आला. १९९३ सालीं, तब्बल २६ वर्षांच्या खंडानंतर, साखळीचें विजेतेपद आलें. आणि २०१३ सालीं ते निवृत्त झाले तेव्हां तशीं तेरा विजेतेपदें त्यांच्या नांवावर होतीं.

गोष्ट सुंदर आहे. पण ती सांगतांना एक सावधगिरी बाळगावयास हवी. धीराच्या ज्या गोष्टी आपल्या कानांवर येतात त्या सर्व धीरास फळ आलेल्यांच्याच असतात. ज्यांनीं धीर धरला आणि जे धीर धरूनच बुडाले, त्यांच्या कथा कोण सांगत बसतो? जुना मुनीम म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवला आणि दुकानच उठलें, अशीं घरें आपल्या ओळखींतहि असतीलच. युनायटेडच्या मंडळाचा धीर आंधळा नव्हता. सामने हरत असतांनाहि फर्ग्युसन कोंवळ्या वयाचीं मुलें हेरून त्यांस तयार करण्याची व्यवस्था नव्यानें उभी करीत होते. पुढें जगप्रसिद्ध झालेला रायन गिग्ज १९८७ सालीं वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांच्याकडे आला, तो याच पडत्या काळांत. म्हणजे फळ दिसत नव्हतें, पण रोप वाढत असल्याची खूण दिसत होती. त्याच क्लबनें फर्ग्युसन यांच्यामागून आलेल्या डेव्हिड मॉयस यांस सहा वर्षांचा करार करून दिला, आणि दहा महिन्यांतच, एप्रिल २०१४ मध्यें, निरोप दिला. धीर हा कागदावर लिहून देतां येत नाहीं, हेंच खरें.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडील झालें. परंतु असाच एक प्रसंग आपल्या अगदीं उंबरठ्यावर घडला आहे, आणि तो कोणत्याहि विलायती कथेहून कमी बोधप्रद नाहीं. सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक २०१७ सालीं एफ. सी. गोवा या संघाकडे आले. २०१९ च्या मार्चमध्यें त्यांचा संघ इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व बेंगळुरूकडून एका गोलानें हरला. त्याच वर्षीं सुपर कप मात्र त्यानें जिंकला. पुढील हंगामांत १५ सामन्यांनंतर ३० गुण मिळवून गोवा अग्रस्थानीं होता. अशा वेळीं, साखळीचे केवळ तीन सामने उरले असतां, २०२० चा जानेवारी संपतां संपतां क्लबनें लोबेरांस दूर केलें! हरणाऱ्यास नारळ मिळतो, हें आपण जाणतों. येथें जिंकणाऱ्यास मिळाला.

गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा यांनीं तात्पुरतीं सूत्रें हातीं घेतलीं. उरलेले तिन्ही सामने गोव्यानें जिंकले: ४-१, ५-२ आणि ५-०. साखळींतील पहिल्या क्रमांकाची ढाल मिळाली, आणि आशियाच्या विजेत्यांच्या स्पर्धेंत गटसाखळी खेळण्याचा मान मिळविणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. क्लबचें बरोबर होतें, असें म्हणावयास कोणास हरकत दिसली नसती. परंतु लगेच उपांत्य फेरींत चेन्नईच्या संघानें दोन सामने मिळून ६-५ अशी मात करून गोव्यास बाहेर काढलें. मग लोबेरा मुंबई सिटी या संघाकडे गेले. त्यांच्यामागोमाग जाहू, फॉल, बुमूस व मंदार राव देसाई हे गोव्याचे चार मोहरेहि मुंबईस आले. २०२१ च्या मार्चमध्यें उपांत्य फेरींत मुंबईची गांठ गोव्याशींच पडली. दोन्ही सामने बरोबरींत सुटले, आणि पेनल्टींवर मुंबईनें ६-५ असा जय मिळविला. पांचच दिवसांनीं, गोव्याच्याच भूमीवर, फातोर्ड्याच्या मैदानांत मोहन बागानच्या संघास २-१ असें हरवून मुंबई विजेती झाली. मग क्लबचें चुकलें होतें, असें म्हणावें काय?

आमच्या मतें हे दोन्ही प्रश्नच चुकीचे आहेत. निर्णयानंतर काय झालें यावरून निर्णयाची परीक्षा करणें म्हणजे सोडतींत बक्षीस लागलें म्हणून तिकीट घेणाऱ्यास शहाणा ठरविण्यासारखें आहे. निर्णय घेतेवेळीं जें दिसत होतें, जें पाहतां येण्यासारखें होतें, तें नीट पाहिलें कीं नाहीं, ही खरी कसोटी. आणि पाहावयाच्या गोष्टी आम्हांस तीन दिसतात.

पहिली: घसरण मोजावयाची ती गेल्या वर्षींच्या वैभवाशीं नव्हे, तर हातांतील साधनांशीं. लेस्टर पहिल्याचा आठवा झाला असता तर तो रानिएरींचा दोष नव्हता. तें त्या संघाचें स्वाभाविक स्थान होतें. पण कान्ते वगळतां बहुतेक तेच खेळाडू असतांना संघ सतरावा व्हावा आणि सहा सामन्यांत एक गोल होऊं नये, हें साधनांच्या मानानेंहि खालचें होतें. या कसोटीवर मालकाची चिंता रास्त होती, असें आम्ही म्हणूं. आमच्या शाळेनें ही कसोटी लावलीच नाहीं. आणि अग्रस्थानीं असलेल्या गोव्याच्या बाबतींत, मैदानावर जें दिसत होतें त्यावरून तरी, ती लावण्यास जागाच नव्हती.

दुसरी: हा माणूस गेल्यानें अपयशाचें कारण त्याच्याबरोबर जाणार आहे काय? गुणांचा फलक बाजूस ठेवून त्याचें रोजचें काम पाहावें. तेथें रोप वाढत असेल तर, फर्ग्युसन यांच्याप्रमाणें, लोकांची ओरड सोसून त्यास राहूं द्यावें. रोपच सुकलें असेल तर गोड आठवणींचें पाणी घालून तें हिरवें होणार नाहीं.

तिसरी: त्याच्या जागीं कोण येणार, आणि त्याच्या पाठीशीं आपण किती काळ उभे राहणार? लेस्टर येथें उघडच चुकला. जून २०१७ मध्यें त्यानें शेक्सपिअर यांस तीन वर्षांचा करार दिला, आणि ऑक्टोबरांत, आठ सामन्यांनंतर, त्यांसहि घालविलें. एकदां कोणास काढणें हा निर्णय असूं शकतो. वारंवार काढणें ही संवय होते. संवय लागलेल्या घरीं मग चांगला माणूस यावयास धजत नाहीं, आणि आलेला पुढच्या वर्षाचें कांहीं पेरीत नाहीं.

राहिला कृतज्ञतेचा प्रश्न. आणि आमच्या वाचकांस तोच अधिक टोंचेल, असें वाटतें. उपकाराची फेड पदानें करूं नये. ज्याला काम झेपत नाहीं त्यास केवळ पूर्वपुण्याईवर ठेवणें हा इतर सर्वांवर अन्याय आहे, आणि खरें पाहतां त्याच्यावरहि आहे. कारण रोजच्या फजितींत त्याची जुनी कीर्ति झिजत जाते. परंतु पद काढून घेतल्यानें ऋण फिटत नाहीं. २३ फेब्रुवारीस काढावयाचें होतें, तर ७ फेब्रुवारीस अढळ पाठिंब्याची ग्वाही देणें टाळतां आलें असतें. ज्यानें घरास भाग्य दाखविलें त्यास समोर बसवून, कारण सांगून, सन्मानानें पोंचवावयास हवें. त्यास खर्च पडत नाहीं; धैर्य मात्र लागतें. आम्हांस तें त्या बैठकींत झालें नाहीं, म्हणूनच हें इतक्या आग्रहानें लिहीत आहों.

रानिएरींची पुढील हकीकत सांगून हा लेख आटोपतों. २०२४ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या ७३ व्या वर्षीं, रोम शहराच्या रोमा या संघानें त्यांस बोलाविलें. एकाच हंगामांत दोन प्रशिक्षकांस घालवून तो संघ बाराव्या स्थानीं येऊन पडला होता. रानिएरींनीं हंगामाच्या शेवटीं तो पांचवा आणला. लेस्टर मात्र २०२३ सालीं आणि पुन्हां २०२५ सालीं खालच्या वर्गांत गेला. यावरून कोणी कोणताहि सिद्धान्त काढूं नये, हें वर सांगितलेंच आहे. पण एका ठिकाणीं निरुपयोगी ठरलेला माणूस सर्वत्र निरुपयोगी असतो असें नाहीं, इतकें तरी यावरून उमजावें.

हें सारें आम्हीं घरीं वाचून दाखविलें. थोरल्यानें पहिली कसोटी मान्य केली, धाकट्यानें दुसरी. वाद मिटला असें मात्र म्हणवत नाहीं. मातोश्री म्हणाल्या, "आपल्याकडे सत्कारालाहि नारळच देतात आणि घालवायलाहि नारळच. हातांत पडल्यावर कोणता दिला, हें देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून कळतें." यापलीकडे आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं.